रक्तदाबाची चिठ्ठी व तींतील चुका

डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या डोक्यावर एक पाय लांबविलेलें जें अक्षर असतें, त्याचा अर्थ पुष्कळांस ठाऊक नसतो. तें लॅटिन भाषेंतील ‘रेसिपे’ या क्रियापदाचें आद्याक्षर होय. ‘रेसिपे’ म्हणजे ‘घे’; संस्कृतांतील ‘गृहाण’ हा जसा आज्ञार्थ, तसाच तो. त्याखालीं येणारीं ‘बीडी’, ‘टीडीएस’, ‘एचएस’ हीं अक्षरेंही लॅटिनचींच आहेत. दिवसांतून दोनदां याला त्या भाषेंत ‘बिस इन दिए’ म्हणतात. त्यांतील ‘बिस’ म्हणजे आपलें ‘द्विः’. ‘टीडीएस’ मधील ‘तेर’ म्हणजे आपलें ‘त्रिः’. ‘दिए’ मध्यें आपला ‘दिव’ शब्द डोकावतो, आणि झोंपेच्या वेळीं या अर्थीं येणाऱ्या ‘सोम्नि’ मध्यें ‘स्वप्न’ शब्दाची ओळख पटते. दूर देशीं दिलेल्या चुलत बहिणीची अवचित गांठ पडावी तसा हा आनंद आहे. परंतु व्युत्पत्तीचा आनंद वेगळा आणि गोळी घेण्याची गोष्ट वेगळी. ज्या गृहस्थास ती गोळी घ्यावयाची असते त्याला लॅटिन येत नाहीं, आणि दुकानांतील ज्या मुलानें ती काढून द्यावयाची असते त्यालाही तें अक्षर बहुधा अंदाजानेंच लावावें लागतें.

आम्ही वैद्य नव्हे, शिक्षक. आमचीं पस्तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासण्यांत गेलीं, आणि ‘दिन’ व ‘दीन’, ‘सुत’ व ‘सूत’ यांतील ह्रस्वदीर्घाच्या फरकानें अर्थाचा अनर्थ कसा होतो हें सांगतां सांगतां आमचा घसा कोरडा पडला. म्हणून रोगाची चिकित्सा कशी करावी हें सांगण्याचा अधिकार आम्ही आपल्याकडे घेत नाहीं. परंतु चिठ्ठी हा एक लेख आहे. तो एक जण लिहितो, दुसरा वाचतो, आणि तिसराच त्याचें फळ भोगतो. या लेखांत चुका कोठून शिरतात व त्या कमी कशा करतां येतात, एवढाच आमचा विषय. आणि त्यासाठीं वाढलेल्या रक्तदाबाचे रोगी आम्हीं मुद्दाम निवडले आहेत.

कारण उघड आहे. तापाच्या औषधांत चूक झाली तर ती दोन दिवसांत बोलकी होते. रक्तदाब मुका आहे. तो वाढला तरी बहुधा दुखत नाहीं, आणि औषध चुकलें तरी पहिले कित्येक आठवडे कांहीं कळत नाहीं. औषध एकदां सुरू झालें कीं वर्षानुवर्षें चालतें. रोगी बहुधा वयस्क. त्याच्या सोबतीस मधुमेह, सांधेदुखी, काचबिंदू यांपैकीं एखादें असतेंच, आणि प्रत्येक सोबत्याचा डॉक्टर निराळा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणींत प्रौढांपैकीं शेंकडा ३५.५ जणांचा रक्तदाब वाढलेला आढळला. दहाबारा माणसांच्या एकत्र कुटुंबांत असा एक तरी रोगी नसणें हेंच आतां नवल.

चिठ्ठ्यांतील चुका मोजण्याचा उद्योग इंग्लंडांत झाला आहे. तेथें २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत १५ दवाखान्यांतील १,७७७ रोग्यांस लिहून दिलेल्या ६,०४८ औषधांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सुमारें दर वीस नोंदींमागें एकींत लिहिण्याची अथवा देखरेखीची चूक निघाली. गंभीर म्हणावी अशी चूक ५५० नोंदींत एक होती. बहुतेक चुका किरकोळ, हें समाधान खरें. परंतु ज्या घरांत रोज सातआठ औषधें घेतलीं जातात, त्या घरानें हा गुणाकार स्वतः करून पाहावा. शिवाय तेथें चिठ्ठी यंत्रावर छापून निघते, आणि रोग्याची सर्व कागदपत्रें त्याच्या ठरलेल्या दवाखान्यांत एकत्र राहतात. आमच्याकडे या दोन्ही गोष्टींची खात्री देतां येत नाहीं.

सर्वांत जुनी चूक नांवाची. पोटांतील आम्ल कमी करणारें ‘लोसेक’ नांवाचें औषध १९८९ सालीं अमेरिकेंत विक्रीस आलें. सूज व रक्तदाब यांवर दिलें जाणारें ‘लॅसिक्स’ हें मूत्रल औषध तेथें पूर्वींपासून प्रसिद्ध होतें. इंग्रजींत घाईनें लिहिलेलीं हीं दोन नांवें जुळ्या भावांसारखीं दिसत, आणि वीस मिलिग्रॅमची मात्रा दोघांचीही प्रचारांत होती. एकाच्या जागीं दुसरें दिलें जाऊं लागलें, आणि १९९० सालीं नव्या औषधाचें नांव त्या देशापुरतें बदलून ‘प्रायलोसेक’ करावें लागलें. गंमत अशी कीं पुढें या नव्या नांवाचाही ‘प्रोझॅक’ या मनोविकारावरील औषधाशीं घोटाळा झाल्याच्या नोंदी झाल्या. रक्तदाबाचें हायड्रॅलॅझीन आणि खाजेवरचें हायड्रॉक्सिझीन, रक्तदाबाचें क्लोनिडीन आणि झटके व चिंता यांवरचें क्लोनाझेपाम, याही जोड्या अशाच बदनाम आहेत. यावर अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २००१ सालापासून एक युक्ति सुचविली: नांवाचा जो भाग वेगळा तेवढाच मोठ्या लिपींत छापावा, म्हणजे डोळा तेथें अडखळेल. देवनागरींत लहान-मोठी लिपि नाहीं, तेव्हां ही युक्ति आपल्या कामाची नाहीं. पण आमच्या लिपीस तिची फारशी गरजही नाहीं. तींच दोन नांवें देवनागरींत लिहून पाहावीं. वाट लवकरच वेगळी होते. घरांतल्या कागदावर औषधांचीं नांवें मराठींत लिहिण्याची चाल पडेल तर आम्हांस तें फार आवडेल.

नांवानंतर आंकडा. पूर्णांकापुढें टिंब देऊन शून्य लिहिण्याची हौस कित्येकांस असते. ‘५.०’ असें लिहिलें आणि टिंब पुसट उमटलें, कीं त्याचे पन्नास होतात. उलट ‘.५’ असें शून्याशिवाय लिहिलें तर टिंब दिसत नाहीं आणि अर्ध्याचे पांच होतात. अनुस्वार राहिला तर आम्ही अर्धा गुण कापीत असूं. येथें दसपट औषध पोटांत जातें. पूर्णांकापुढें शून्य देऊं नये व अपूर्णांकाच्या मागें तें दिल्यावांचून राहूं नये, हा नियम अमेरिकेंतील रुग्णालयांस मान्यता देणाऱ्या मंडळानें २००४ सालीं बंधनकारक केला. ‘ओडी’ हीं अक्षरेंही अशींच फसवीं. आपल्याकडे त्यांचा अर्थ दिवसांतून एकदां, आणि अमेरिकेंत तींच उजव्या डोळ्यासाठीं वापरतात. या बाबतींत आपल्या देशांतील डॉक्टरांनीं रूढ केलेली ‘१-०-१’ ही पद्धति आम्हांस कोणत्याही लॅटिनपेक्षां श्रेष्ठ वाटते. सकाळ, दुपार, रात्र. निरक्षर बाईलाही ती कळते.

मात्रेचा आणखी एक फसवा प्रकार सांगितला पाहिजे. ॲम्लोडिपीन हें रक्तदाबाचें औषध घरोघर आहे. त्याच्या कणांचे दोन प्रकार असतात, उजव्या व डाव्या हातांसारखे एकमेकांचीं प्रतिबिंबें; त्यांपैकीं काम करणारा तेवढाच वेगळा काढून ‘एस-ॲम्लोडिपीन’ म्हणून आपल्याकडे विकला जातो. म्हणून साध्या औषधाच्या ५ मिलिग्रॅमचें काम याचे २.५ मिलिग्रॅम करतात. आतां चिठ्ठींत नुसतें ॲम्लोडिपीन ५ असें असून दुकानदारानें ‘हें त्याचेंच’ म्हणून एस-ॲम्लोडिपीन ५ दिलें, तर आंकडा तोच राहून मात्रा दुप्पट झाली! पाय सुजतात, उठतांना चक्कर येते, आणि कोणाचें काय चुकलें हें कोणासही सांगतां येत नाहीं.

याहून अधिक घडणारी चूक म्हणजे एकच औषध दोन नांवांनीं पोटांत जाणें. घरच्या डॉक्टरांनीं टेल्मिसार्टन एका व्यापारी नांवानें दिलेलें असतें. पुढें हृदयरोगाच्या तज्ज्ञाकडे जावें लागतें. तो दुसऱ्या कंपनीची जोडगोळी देतो. तिच्या नांवाच्या शेपटाला ‘एएम’ असें असतें, म्हणजे आंत टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपीन दोन्ही. शेपटाला ‘एच’ असेल तर बहुधा आंत हायड्रोक्लोरोथायझाइड हें मूत्रल असतें. तज्ज्ञानें जुनी गोळी बंद करावी असें मनांत योजलेलें असतें, पण कागदावर तें आलेलें नसतें. रोगी नवी सुरू करतो आणि जुनीही, डब्यांत शिल्लक आहे म्हणून, भक्तिभावानें घेत राहतो. काय सुरू करावें हें प्रत्येक चिठ्ठी सांगते. काय थांबवावें हें सांगणारी चिठ्ठी आम्हीं फार थोडी पाहिली आहे.

शेपटाच्या अशाच एका अक्षराची हकीकत आमच्या घरांतली आहे. आमच्या थोरल्या वहिनींचें वय ७८. रक्तदाब पंधरा वर्षांचा, पण एका गोळीवर शहाण्यासारखा राहिलेला. दोन वर्षांपूर्वीं उन्हाळ्याच्या आरंभीं तो थोडा वर गेला म्हणून एका डॉक्टरांनीं गोळी बदलून तिचीच मूत्रल मिसळलेली जोडगोळी दिली व तीन महिन्यांनीं यावयास सांगितलें. तिसऱ्या आठवड्यापासून वहिनींचें वागणें पालटलें. आमटींत दोनदां मीठ पडलें. नातवाला त्या कैलासवासी दिरांच्या नांवानें हांक मारूं लागल्या. रात्रीं उठल्या कीं भिंत धरावी लागे. घरांत कोणी म्हणालें वय झालें, कोणी हलक्या आवाजांत म्हातारचळ हा शब्द उच्चारला, आणि त्यांना एकटें सोडूं नये अशी पाळी लावण्यापर्यंत मजल गेली. धाकट्या सूनबाईंना मात्र हें पटेना. औषधांचा डबा त्यांच्याकडे असतो, आणि नवी गोळी ज्या दिवशीं सुरू झाली त्या तारखेला दिनदर्शिकेवर खूण करण्याची त्यांची शिस्त आहे. त्यांनीं ती खूण दाखवून विचारलें, “सासूबाईंचं हे सगळं या तारखेच्या नंतरचंच नाही का?” रक्त तपासलें. त्यांतील सोडियम १३५ ते १४५ असावयाचें, तें ११८ वर आलें होतें. पांच दिवस रुग्णालयांत ठेवून तें हळूहळू वर आणावें लागलें, कारण घाईनें चढविल्यास मेंदूला इजा होते. घरीं आल्यावर वहिनी आम्हांस म्हणाल्या, “भाऊजी, मला वेड लागलं नव्हतं. माझं मीठ उतरलं होतं.”

ती गोळी वाईट नव्हती. लाखों लोकांस ती मानवते. थायझाइड जातीच्या या मूत्रलांनीं वृद्धांचें, विशेषतः कृश स्त्रियांचें, सोडियम उतरूं शकतें हें वैद्यकांत जुनें ज्ञान आहे. म्हणूनच ती सुरू केल्यावर कांहीं आठवड्यांतच रक्तांतील सोडियम व पोटॅशियम पाहावें असा संकेत आहे. तेवढी एक ओळ चिठ्ठींत नव्हती. चूक म्हटलें कीं आपल्यापुढें भलतें औषध येतें. पण योग्य औषधाच्या मागोमाग यावयाची तपासणी न येणें ही चूक तितकीच खरी, आणि ती चिठ्ठीकडे कितीही निरखून पाहिलें तरी दिसत नाहीं, कारण ती लिहिलेलीच नसते.

या न दिसणाऱ्या चुकांवर इंग्लंडांत जो प्रयोग झाला तो आम्हांस फार बोधप्रद वाटतो. ‘पिन्सर’ या नांवानें तो ओळखला जातो, आणि त्याचा अहवाल २०१२ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत आला. त्यांत ७२ दवाखाने होते. प्रथम दवाखान्याच्या संगणकांतून ठराविक प्रकारचे धोके शोधून काढण्यांत आले. पोटांत व्रण होऊन गेलेल्या माणसाला, पोटाचें रक्षण करणाऱ्या औषधाशिवाय वेदनाशामक गोळ्या दिल्या आहेत काय? दमेकऱ्याला ‘बीटा-ब्लॉकर’ जातीचें औषध चालू आहे काय? पंचाहत्तरीच्या पुढील ज्या रोग्यांना ‘एस-इनहिबिटर’ अथवा जोरकस मूत्रल दीर्घकाळ चालू आहे, त्यांचें रक्त गेल्या पंधरा महिन्यांत एकदां तरी तपासलें आहे काय? या तिहींपैकीं शेवटचे दोन प्रश्न थेट रक्तदाबाच्या घरचे आहेत. अर्ध्या दवाखान्यांना नुसती यादी हातीं दिली: हे तुमचे रोगी, पाहा काय तें. उरलेल्या अर्ध्यांकडे यादीबरोबर एक औषधशास्त्रज्ञ पाठविला. त्यानें बारा आठवडे डॉक्टरांशेजारीं बसून एकेका नांवाचा निकाल लावला. कोणाला तपासणीस बोलाविलें, कोणाचें औषध बदलविलें, आणि चूक पुन्हां का होऊं शकेल हेंही बोलून घेतलें.

सहा महिन्यांनीं पाहतां, औषधशास्त्रज्ञ गेलेल्या दवाखान्यांत तपासणी राहून जाण्याचा संभव नुसत्या यादीच्या मानानें सुमारें निम्मा झाला होता. दमेकऱ्यांना मिळणारें चुकीचें औषधही बरेंच कमी झालें होतें. शाळेंत आमचा अनुभव हाच. वहींत लाल रेघ ओढून परत दिली तर मुलगा गुण मोजतो आणि वही मिटतो. शेजारीं बसवून शब्द लिहून घेतला तर तो सुधारतो. आणि आमच्या अनुभवाचा उत्तरार्धही त्या प्रयोगांत दिसला: बारा महिन्यांनीं पाहिलें तेव्हां हा लाभ कांहींसा ओसरला होता.

आमच्याकडे औषधाच्या दुकानांत नोंदणीकृत औषधशास्त्रज्ञ असावा असा कायदा आहे. तो प्रत्यक्ष फळीमागें उभा असतो कीं त्याचें प्रमाणपत्रच भिंतीवर असतें, हें वाचकांनीं आपापल्या आळींत पाहावें. जेथें तो माणूस खरोखर असतो तेथें त्याला दोन प्रश्न विचारण्यास आपण लाजूं नये: ‘यांत काय काय आहे?’ आणि ‘आमच्या जुन्या गोळीशीं याचें जमतें ना?’ वाण्याकडे गहूं घेतांना आपण याहून अधिक विचारतों.

आतां एका निराळ्या जातीच्या चुकीकडे वळूं. तिला वैद्यकांत ‘औषधांची सांखळी’ अशा अर्थाचें नांव आहे. ॲम्लोडिपीननें कांहींचे घोटे सुजतात. ही सूज औषधाची आहे हें ध्यानीं न घेतां ती नव्या रोगाची समजून मूत्रल दिलें जातें. मूत्रलानें रात्रीं तीनदां उठावें लागतें. मग त्यासाठीं आणखी एक गोळी येते. पोटॅशियम उतरतें, त्यासाठीं एक पातळ औषध येतें. मूत्रलानें युरिक आम्ल वाढून अंगठा सुजला तर वेदनाशामक येतें, आणि वेदनाशामकानें रक्तदाब पुन्हां वर चढतो! शेंडी सोडविण्यासाठीं गांठीवर गांठ मारीत जावें तसा हा प्रकार. कॅनडांतील ऑन्टारियो प्रांतांत वृद्धांच्या नोंदींवरून झालेल्या व २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, या जातीचें औषध नव्यानें सुरू झालेल्यांस पुढें मूत्रल दिलें जाण्याचें प्रमाण इतरांपेक्षां अधिक आढळलें. रॅमिप्रिल, एनालॅप्रिल यांसारख्या ‘प्रिल’ शेवटाच्या औषधांनीं कोरडा खोकला येतो. त्यावर महिनोन् महिने खोकल्याच्या बाटल्या रिचविणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. म्हणून नव्या लक्षणाची तक्रार करतांना ‘अमुक गोळी सुरू झाल्यापासून’ हे चार शब्द डॉक्टरांपुढें उच्चारले जाणें अत्यंत महत्त्वाचें.

वेदनाशामकांचा उल्लेख आलाच आहे. सांधेदुखीच्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या रक्तदाब वाढवितात, आणि मूत्रल व ‘प्रिल’ अथवा ‘सार्टन’ शेवटाचें औषध यांच्या जोडीस तिसऱ्या बसल्या तर मूत्रपिंडांस इजा करूं शकतात. अस्थितज्ज्ञ त्या लिहितो तेव्हां रक्तदाबाची चिठ्ठी त्याच्यापुढें नसते. ज्या वस्तूंना आपण औषधच समजत नाहीं त्या तर कोणीच सांगत नाहीं. काचबिंदूसाठीं डोळ्यांत घालावयाचे टिमोलॉलचे थेंब हें बीटा-ब्लॉकरच होय; तो डोळ्यांतून रक्तांत उतरतो व त्याच जातीची गोळी चालू असलेल्याची नाडी फार मंद करतो, दमेकऱ्याचा श्वास अडवितो. घशासाठीं ज्येष्ठमध चघळण्याची चाल आपल्या घरांतून, विशेषतः गाणाऱ्यांत व कीर्तनकारांत, जुनी आहे. एखादे दिवशीं तुकडा चघळला तर चिंता नको. पण रोज भरपूर घेतल्यास शरीरांतील पोटॅशियम उतरतें आणि रक्तदाब चढतो. सैंधव हें उपासाला चालतें म्हणून रक्तदाबालाही चालतें ही समजूतही सोडली पाहिजे, तेंही मीठच. उलट ‘कमी सोडियमचें’ म्हणून जें मीठ बाजारांत मिळतें त्यांत पोटॅशियम घातलेलें असतें. निरोग्यास तें चांगलें. परंतु ‘सार्टन’, ‘प्रिल’ अथवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यानें व ज्याचीं मूत्रपिंडें अशक्त आहेत त्यानें डॉक्टरांस विचारल्यावांचून त्याला हात लावूं नये, कारण पोटॅशियम फार वाढल्यास हृदयाची गति बिघडते.

कधीं कधीं चूक चिठ्ठीच्याही आधीं, मोजण्यांत झालेली असते. जिना चढून धापा टाकीत आलेल्या माणसाच्या सदऱ्याच्या बाहीवरून पट्टा गुंडाळावा, त्याच्याशीं बोलत बोलत फुगा दाबावा, आणि आलेल्या आंकड्यावरून गोळी वाढवावी, हा प्रकार दुर्मिळ नाहीं. पांच मिनिटें टेकून बसल्यावर, उघड्या दंडावर, हात हृदयाच्या उंचीस टेकवून, मुकाट्यानें, आणि दंडाच्या जाडीस योग्य अशा पट्ट्यानें मोजलेला आंकडा तेवढा खरा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर रक्तदाब फुकट चढलेला दिसतो.

एकदां २०० चा आंकडा पाहून घाबरून निफेडिपीनची मऊ गोळी टोंचून जिभेखालीं पिळण्याची पद्धत एके काळीं फार बोकाळली होती. दाब भराभर उतरे, आणि सर्वांस हायसें वाटे. परंतु तो इतका एकाएकी उतरे कीं मेंदूला व हृदयाला रक्त पुरेनासें होऊन कित्येकांस अर्धांगवायु अथवा हृदयविकाराचा झटका आला. तेव्हां १९९६ सालीं अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पत्रांत या प्रथेवर बंदीच घालावी काय असा प्रश्न उघडपणें मांडला गेला. याच्या उलट टोंक म्हणजे औषध एकाएकी थांबविणें. क्लोनिडीन तडकाफडकीं थांबविलें तर दाब पूर्वींपेक्षांही वर उसळतो. बीटा-ब्लॉकर अचानक सोडल्यास हृदयरोग्याला धोका असतो. एकादशीला निर्जळी उपास करणाऱ्या वृद्धांनीं, गांवीं जातांना गोळ्या विसरणाऱ्यांनीं हें ध्यानीं ठेवावें.

मात्रेविषयीं इतिहासांतली एक गोष्ट आमच्या मुंबईची आहे. सर्पगंधा ही वनस्पति आपल्या वैद्यांस पुरातन काळापासून माहीत. डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं मुंबईच्या रोग्यांवर तिची शास्त्रशुद्ध परीक्षा करून १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि रक्तदाबावर सर्पगंधेचा गुण सर्व जगास कळला. १९५७ सालीं त्यांस लास्कर पारितोषिक मिळालें. १९५२ सालीं सर्पगंधेपासून रेसर्पीन वेगळें काढण्यांत आलें. मग उत्साहाच्या भरांत तें मोठमोठ्या मात्रांनीं दिलें गेलें, कित्येक रोगी खिन्न झाले, आणि औषधाचें नांव बदनाम झालें. नंतरच्या काळांत त्याच्या अंशमात्र मात्रेनें काम भागतें असें दिसून आलें. थायझाइडांचीही तीच कथा. प्रारंभीं ५० व १०० मिलिग्रॅम दिले जात, आज १२.५ ते २५ पुरेसे मानतात. एका डॉक्टराच्या हातून झालेली चूक शोधतां येते. सर्वांच्याच हातून एकदम होणारी चूक शोधण्यास एक पिढी लागते.

येथवर अधिक औषधाचे दोष सांगितले, पण कमी औषध हीही चूकच. दर महिन्यास १६० चा आंकडा लिहावा आणि ‘तेंच चालूं द्या’ म्हणावें, हा आळस अर्धांगवायूच्या वाटेवर नेतो. यावर सर्वांत गुणकारी ठरलेला उपाय अगदीं साधा आहे: कोणतें औषध प्रथम, किती मात्रेनें, दाब न उतरल्यास किती दिवसांनीं पुढची पायरी, हें एका कागदावर ठरवून तो सर्व दवाखान्यांतून लावणें. अमेरिकेंत उत्तर कॅलिफोर्नियांतील कैसर पर्मनंटे या संस्थेनें असा क्रम, रोग्यांची नोंदवही व जोडगोळ्या यांच्या बळावर २००१ सालीं शेंकडा ४४ रोग्यांचा आटोक्यांत असलेला दाब २००९ सालीं शेंकडा ८० वर आणला. आपल्या देशांत २०१७ सालीं सुरू झालेल्या रक्तदाब-नियंत्रणाच्या सरकारी उपक्रमानें हाच मार्ग धरला; आरंभींच्या पांच राज्यांत महाराष्ट्र होता. वर्णक्रम ठरला म्हणजे शब्दकोश कोणालाही चाळतां येतो. तसें पायऱ्या ठरल्या म्हणजे आडगांवच्या परिचारिकेलाही चुकलेली पायरी दिसते.

अक्षराच्या बाबतींत कायदा आपल्या बाजूस आहे. भारतीय वैद्यक परिषदेनें २०१६ सालीं नियम दुरुस्त करून औषधाचें मूळ नांव सुवाच्य व शक्यतों मोठ्या लिपींत लिहावें असें सांगितलें, आणि २०२५ सालीं पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयानें सुवाच्य चिठ्ठी हा रोग्याचा मूलभूत हक्कच असल्याचा निर्णय दिला. तेव्हां ‘डॉक्टरसाहेब, हें अक्षर लागत नाहीं’ असें म्हणण्यांत उर्मटपणा नाहीं.

आमच्या घरीं आतां एक कागद असतो. प्रत्येक वडील माणसाचा वेगळा. त्यावर मूळ नांव, मात्रा, वेळ, कशासाठीं, केव्हां सुरू झालें, कोणीं दिलें, केव्हां व कां थांबलें, आणि रक्ताची पुढची तपासणी केव्हां, एवढें मराठींत लिहिलेलें असतें. डोळ्यांचे थेंब, आसव-अरिष्टें, चूर्णें यांनाही त्यावर जागा आहे. कोणत्याही डॉक्टरांकडे जातांना हा कागद आणि सर्व गोळ्या एका पिशवींत घालून न्यावयाच्या. एका तज्ज्ञांनीं ती पिशवी टेबलावर ओतून तीन पाकिटें बाजूस काढलीं, त्यांतलीं दोन एकाच औषधाचीं होतीं. दोन वृद्धांचे डबे मात्र एका फळीवर ठेवूं नयेत. पाकिटें आजकाल सारखींच चकाकतात.

एक गोष्ट राहिली, आणि ती सासरच्या नव्हे, माहेरच्या मंडळींसाठीं आहे. लेक बाळंतपणासाठीं घरीं येते. एखादे दिवशीं डोकें दुखतें, यंत्र घरांत असतेंच, दाब वाढलेला निघतो. अशा वेळीं आईच्या डब्यांतली गोळी ‘एवढ्यापुरती’ देण्याचा मोह अनावर होतो. ‘सार्टन’ व ‘प्रिल’ शेवटाचीं औषधें गर्भाच्या मूत्रपिंडांस अपाय करतात, म्हणून गरोदरपणीं तीं पूर्ण वर्ज्य आहेत. त्या अवस्थेंत देण्याजोगीं औषधें निराळीं, लॅबेटालॉल, मेथिलडोपा यांसारखीं. आणि विसाव्या आठवड्यानंतर वाढलेला दाब हा निराळ्याच रोगाचा आरंभ असूं शकतो, ज्यांत लघवींतील प्रथिनें व रक्त त्याच दिवशीं तपासावीं लागतात. जिला रक्तदाबाची गोळी आधींपासूनच चालू आहे अशा मुलीचें लग्न ठरलें, तर तिची चिठ्ठी बदलण्याची वेळ दिवस राहिल्यानंतरची नव्हे, त्यापूर्वींची असते.